परदेशी पैशांवर चालणारे स्त्री-आरोग्याचे प्रकल्प गावाकडच्या बायकांच्या खरंच उपयोगी पडतात, की आपल्यावर नुसते प्रयोग होतात?

हाच वाद आमच्या घरात माझ्या लहानपणापासून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर भूम तालुक्यातलं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. 1999 च्या अखेरीस आमच्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लियाँची आयएआरसी ही जागतिक कॅन्सर संशोधन संस्था असे तिघं मिळून, आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा. 497 गावं, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. आई अंगणवाडीत होती, त्यामुळे नावं लिहायला आलेल्या बाई आधी आमच्याच ओट्यावर टेकल्या.

चुलत्यांनी त्यांना तिथेच झाडलं. "गोऱ्यांच्या पैशावर आमच्या बायका तपासणार? प्रयोगाला आम्हीच सापडलो का?" काकू आतून ऐकत होती. तिला कित्येक महिने अंगावरून पांढरं जात होतं, मधेच लाल डाग दिसायचे आणि ती सगळं अंगावर काढत होती. चुलत्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी सरपणाला जातो असं सांगून आई तिला घेऊन गेली.

गावांचे गट पाडून वेगवेगळ्या तपासण्या वाटल्या होत्या, आमच्या गावाच्या वाट्याला साधी तपासणी आली होती. नर्सबाईंनी टेबलावर झोपवलं, उजेड धरला, ॲसिटिक ॲसिडचा बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावला आणि मिनिटभर थांबल्या. काकूला फक्त जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास आठवतो. पांढरा चट्टा उठला. मग दुर्बिणीतून पाहून तुकडा काढला, कॅन्सर व्हायच्या आधीची अवस्था निघाली आणि तेवढी जागा गोठवून मारून टाकली. काकू आज नातवंडांच्या मागे धावते. चुलत्यांना हे पुढे कधीतरी कळलं, तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं. काकूशी नाही बरं का, आईशी!

2009 साली निकाल छापून आला. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, त्याच्या आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्यासारखी बोळ्याची तपासणी झालेल्या गावांत मात्र तितका फरक दिसला नाही, काकूचं नशीब म्हणायचं. आज डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सगळ्या जगाला एचपीव्ही चाचणीच आधी करा म्हणते, त्यामागे आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला पुरावा आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तुमचा प्रश्न. पैसा कुठला आहे, यावर मी काहीच ठरवत नाही. दारात कोण येतं, काय समजावून सही घेतं आणि पैसा संपल्यावर मागे काय उरतं, ते बघा. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात 2009 मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेनं मुलींना एचपीव्हीची लस दिली, तेव्हा खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. 2010 मध्ये ते बंद पाडलं गेलं, ते बरंच झालं. लस वाईट नव्हती, पद्धत वाईट होती.

आणि हो, आमच्याकडचा अभ्यासही सोवळा नव्हता. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांत 31,488 बायकांची तपासणी झाली नाही, त्यातल्या 64 जणी या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्ही गटात 34,126 पैकी 34. त्यावर जगभर टीका झाली आणि ती मला पटते. चुलत्यांचा मुद्दा कुठे बरोबर असेल तर इथे. पण हे त्यांना माहीतही नाही. त्यांचा आक्षेप बायको दाखवायला गेलीच कशी, एवढाच होता.

मागे काय उरलं म्हणाल, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 30 ते 49 वयाच्या फक्त 1.9 टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी करून घेतलेली होती. हे तर गोऱ्यांनी केलेलं नाही ना? तुमच्या घरात तिशी ओलांडलेली बाई असेल तर तिला घेऊन जा, पुरुषांच्या परवानगीची वाट बघू नका.

सध्या चुलतभावाच्या मुलीच्या एचपीव्हीच्या लशीवरून घरात चर्चा चालू आहे. सिरमची सर्व्हावॅक पुण्याची, आपली, म्हणून चुलत्यांनी होकार दिलाय. तिच्या कामातही गेट्स फाउंडेशनचा हात आहे हे मी अजून बोललेले नाही. आधी पोरीचे दोन्ही डोस होऊ देत.