एम्बार्गो म्हणजे नाकेबंदी नव्हे

प्रश्न असा आलाय की १८०७ च्या अमेरिकन एम्बार्गोला मराठीत नाकेबंदी म्हणायचं की बहिष्कार, आणि तेव्हाच्या फेडरलिस्ट या विरोधी पक्षाला 'संघराज्यवादी' म्हटलं तर चालेल का.

नाकेबंदी तर अजिबात नको. हल्ली टीव्हीवर कुठल्याही निर्बंधाला नाकेबंदी म्हणतात, ऐकून डोकं उठतं. नाकेबंदी म्हणजे दुसऱ्याच्या बंदरासमोर आपली जहाजं उभी करून त्याची वाट अडवायची, आणि ते तेव्हा इंग्लंड आणि नेपोलियन एकमेकांना करू बघत होते, मधल्यामधे अमेरिकेची व्यापारी जहाजं पकडली जात होती. बहिष्कार म्हणजे त्याचा माल आपण घ्यायचा नाही. आणि एम्बार्गो? जून १८०७ मधे 'लेपर्ड' या इंग्रज युद्धनौकेने अमेरिकेच्या 'चेसापीक'वर व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ तोफा डागल्या, चार खलाशी उचलून नेले, लोक लढाई मागत होते, आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसनने २२ डिसेंबरला कायदा करून स्वतःच्याच देशाची जहाजं स्वतःच्याच बंदरात बसवून ठेवली!

आता खरी मजा. शब्द स्पॅनिश, आणि त्याच्या पोटात आहे 'बार्रा' म्हणजे आडवा दांडा. आपला अडसर! जुन्या वाड्यात दाराच्या मागे भिंतीच्या खोबणीतून ओढून काढायचा तो जाडजूड वासा आठवा. तो आतूनच लागतो, चोर बाहेर राहतो खरा, पण घरातलेही आत अडकतात. १८०७ ला अगदी हेच झालं म्हणून मला हा शब्द इतका आवडतो. वकिलांचा 'बार' पण याच दांड्याचा, कोर्टातल्या कठड्याचा. काही मंडळी एम्बार्गोचं नातं 'एम्बार्क'शी, म्हणजे जहाजात चढण्याशी, जोडतात, ते साफ चूक आहे. ते 'बार्का' म्हणजे नाव, होडी, तिथून आलं. जहाजांचा विषय निघाला म्हणून नावेकडे धावायचं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. स्पॅनिशमधे आजही घरावर जप्ती आली की एम्बार्गोच म्हणतात, तिथे नाव कुठून आणणार? आणि 'सिन एम्बार्गो', शब्दशः अडसराविना, म्हणजे आपलं 'तरीही'.

अडसराने घरच्यांचेच हाल झाले. निर्यात १८०७ मधे सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची होती ती पुढच्या वर्षी २ कोटी २० लाखांवर आली, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या बंदरांत जहाजं नुसती उभी, शँप्लेन सरोवरातून कॅनडात चोरटा माल जातोय. तेव्हाच्या एका व्यंगचित्रात मालाचं पिंप घेऊन निघालेल्या माणसाला कासव मागून चावतंय आणि तो त्या कासवाला 'ओग्रॅबमी' म्हणून शिव्या देतोय. इंग्रजीत एम्बार्गोची अक्षरं उलटी लावली की हेच होतं, आणि वाचलं की ऐकू येतं 'ओ, ग्रॅब मी', पकड मला! मार्च १८०९ मधे, जेफरसन पायउतार होता होता, कायदा गेला.

मराठीत मी 'बंदरबंदी' लिहीन. व्यापारबंदीही चालेल, पण त्यात कुणी कुणाला कोंडलं ते कळत नाही.

फेडरलिस्टांना फेडरलिस्टच म्हणा. संघराज्यवादी म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं हे राज्यांच्या बाजूचे, आणि त्यांना तर मजबूत केंद्र हवं होतं. केंद्र नको नको म्हणणाऱ्या जेफरसननेच हा एवढा मोठा अडसर घातला, तेव्हा राज्यांचे हक्क आठवले ते न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांना.