रिबूटनंतर सर्व्हिस गुपचूप बंद राहते, हाताने स्टार्ट केली की चालते. दोष कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू सर्व्हरवरची तुमची पायथनची सर्व्हिस रिबूटनंतर बंद असते, 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' मध्ये (सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने अपयशी ठरवलेल्यांची यादी) तिचं नाव येत नाही, आणि 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' दिलं की नीट चालते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. म्हणजे कोड आणि पाथ बहुधा ठीक आहेत. तुम्ही लॉगिन करेपर्यंत मशीनवर जे तयार झालेलं असतं, ते बूट होताना तयार नसतं. शोध त्या काही सेकंदांतच घ्यायचा.

हेच मी एका दूध संकलन केंद्रावर भोगलंय. फॅट मोजणाऱ्या मशीनचं रीडिंग लॅनवरून सर्व्हरवर यायचं आणि शेतकऱ्याला लिटर, फॅट आणि रक्कम असा एसएमएस जायचा. रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, पहाटे वीज आली. सर्व्हर चालू, सर्व्हिस बंद, आणि सकाळच्या पाळीतल्या एकालाही मेसेज नाही. ज्याचा महिन्याचा हिशेब त्या मेसेजवर चालतो, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हे.

आम्ही घाबरून पुन्हा रिबूट केलं. ते तुम्ही करू नका. '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर नसेल तर जर्नल, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीतला मजकूर, फक्त '/रन' मध्ये, म्हणजे मेमरीत राहतं आणि रिबूटबरोबर पुसलं जातं. आधी ते फोल्डर आहे का पाहा, नसेल तर बनवा.

मग 'सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड' विचारा. उत्तर 'डिसेबल्ड' आलं तर बूटला सुरू हो असं तिला सांगितलेलंच नाही, 'सिस्टमसीटीएल इनेबल' द्या, प्रश्न तिथेच संपला. 'स्टॅटिक' आलं तर युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी आणि कधी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) इन्स्टॉल सेक्शन आणि त्यातली 'वाँटेडबाय' ही ओळ राहून गेली आहे.

'इनेबल्ड' असेल तर 'जर्नलसीटीएल -यू' पुढे सर्व्हिसचं नाव आणि '-बी' देऊन या बूटच्या नोंदी वाचा, आणि 'सिस्टमसीटीएल स्टेटस' मधला एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम बंद होताना मागे ठेवतो तो आकडा, नीट बघा. आमच्याकडे तिथे शून्य होता, सक्सेस. प्रोग्राम मशीनच्या लॅन आयपीवर पोर्ट उघडायचा. बूटच्या वेळी राउटरकडून आयपी अजून मिळालेला नसायचा, म्हणून एरर ९९ यायची: मागितलेला पत्ता या मशीनवर नाही. लिहिणाऱ्याने ती एरर पकडून स्वतःच्या लॉग फाइलमध्ये टाकली होती आणि प्रोग्राम शांतपणे शून्याने बाहेर पडत होता. सिस्टमडीच्या दृष्टीने काम झालं, माणूस घरी गेला. मग 'फेल्ड' यादीत नाव का यावं, आणि 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ने (अपयश आलं तरच पुन्हा सुरू करा, ही युनिट फाइलमधली ओळ) तरी काय करावं?

म्हणून पहिली दुरुस्ती कोडमध्ये: चुकून बाहेर पडताना एक्झिट कोड १ द्या. बाकीची युनिट फाइलमध्ये. 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' वर विसंबू नका (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा), त्याचा अर्थ आयपी मिळाला असा होत नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लिहा, आणि ते 'आफ्टर' व 'वाँट्स' दोन्हींत लिहा. नुसत्या 'आफ्टर' ने क्रम ठरतो, ते टार्गेट ओढून आणलं जात नाही. ही वाटही अनंत नसते. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळायला साधारणपणे नेटवर्कडी असतं आणि त्याची वाट पाहण्याची मुदत मुळात १२० सेकंदांची आहे. ती संपली की सर्व्हिस नेटवर्क नसतानाही सुरू होते.

तेव्हा कामाला येतं 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर', पण त्याच्याबरोबर 'रीस्टार्टसेक=५' हवंच. मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंदांचं असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. प्रोग्राम लगेच पडत असेल तर ते पाचही प्रयत्न राउटर जागा व्हायच्या आत संपतात. बदलानंतर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' विसरू नका, त्याशिवाय सिस्टमडी बदललेली फाइल वाचत नाही.

बरेच जण 'स्लीप ३०' टाकून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या दिवशी राउटरला ४० सेकंद लागतील, त्या दिवशी तुम्ही पुन्हा इथेच याल.

नेटवर्कचा संबंध नसेल तर दोन ठिकाणी बघा. सर्व्हिस '/रन' मधल्या तुम्ही हाताने बनवलेल्या फोल्डरमध्ये काही लिहीत असेल, तर ते प्रत्येक रिबूटला नाहीसं होतं. 'रनटाइमडिरेक्टरी' लिहिलं की सिस्टमडी ते स्वतः बनवतं. आणि युनिटमध्ये 'कंडिशनपाथएक्झिस्ट्स' (अमुक फाइल असेल तरच सुरू कर) असेल व ती फाइल उशिरा माउंट होणाऱ्या डिस्कवर असेल, तर सर्व्हिस नुसती वगळली जाते. ते फेल्युअर धरलंच जात नाही. तिथे 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' वापरा, म्हणजे ती डिस्क आधी जोडली जाते.

शेवटी चाचणी खऱ्या अडचणीत घ्या. आम्ही लॅनची केबल काढून सर्व्हर चालू केला, पाच मिनिटांनी केबल लावली आणि हात न लावता सर्व्हिस उभी राहते का ते पाहिलं. तुमच्याकडे तेवढं करूनही उठली नाही, तर युनिट फाइल आणि स्टेटसचा पूर्ण मजकूर प्रश्नात जोडा, मी बघतो.