टू-डी इको नॉर्मल, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, त्यासाठी एचसीक्यूच्या गोळ्या आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. महिनाभर छातीत दुखतंय, जिना चढला की धडधडतं. टू-डी इको केला, पंपिंग 60 टक्के, सगळं नॉर्मल. तरी संधिवाताच्या डॉक्टर हृदयाचा एमआरआय करा म्हणतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.6 आहे म्हणून डायची भीती वाटते, आणि घरचे म्हणतात हे सगळं कमिशनसाठी चाललंय.

उत्तर : ताई, कमिशनचा संशय आपल्याकडे उगाच येत नाही, पण इथे तुमच्या डॉक्टरांचं बरोबर वाटतंय. इकोत हृदय किती जोरात आकुंचन पावतं, झडपा कशा आहेत, भोवती पाणी साठलंय का एवढं छान कळतं. टाकीत पाणी नीट चढतंय म्हणून मोटर आतून तापली नाहीये असं होत नाही ना, तसंच ल्युपसमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज असूनही पंपिंग 60 टक्के दिसू शकतं. एमआरआयमध्ये मॅपिंग करतात, म्हणजे स्नायूच्या भागाभागाचं मोजमाप, त्यात ताजी सूज आणि जुना व्रण वेगवेगळे ओळखता येतात आणि खरी गंमत इथेच आहे, कारण सूज असेल तर औषधं वाढवून उपयोग होतो, नुसता व्रण असेल तर स्टेरॉइड वाढवून फक्त वजन आणि साखर वाढणार! त्यामुळे बुकिंग करतानाच मॅपिंग करता का, आणि हृदयाचे एमआरआय नेहमी वाचणारं कोणी आहे का ते विचारा.

डायचं म्हणाल तर यात गॅडोलिनियम असतं, अँजिओग्राफीतलं आयोडीन नाही. जास्त काळजी ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 30 च्या खाली असला की करतात, तुमचा साधारण 40 च्या आसपास येईल. तरी ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर आधी सांगा. तास-पाऊण तास लागतो, मशीन खूप आवाज करतं, मधे मधे श्वास रोखायला सांगतात. मंगळसूत्र, सेफ्टी पिना घरीच ठेवून जा.

आणि हो, ल्युपसमध्ये कमी वयातही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठते. छातीत दुखण्याचं कारण ते पण असू शकतं, म्हणून ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) झालं नसेल तर आधी ते करून घ्या. दुखणं एकदम वाढलं, घाम फुटला किंवा चक्कर आली तर एमआरआयच्या तारखेची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

प्रश्न : सार्कॉइडोसिससाठी (अवयवांत सुजेच्या गाठी होतात तो आजार) हृदयाचं पेट (PET) स्कॅन आहे. आदल्या दिवशी भात-पोळी बंद, अंडी-चिकन खा म्हणाले. मी शाकाहारी आहे, काय करू?

उत्तर : स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. सुजेतल्या पेशी ती ओढून घेतात, पण पोटात पिष्ट गेलं असेल तर निरोगी स्नायूही ओढतो आणि सगळं हृदयच उजळतं, मग सूज कुठे आहे ते कसं कळणार? म्हणून दिवसभर पनीर, तूप, लोणी, तेलात परतलेली पालेभाजी, आणि नंतर सांगतील तेवढे तास कडक उपास. साबुदाणा नाही, दूध नाही, फळं नाहीत. डायबेटीसची औषधं असतील तर ती कशी घ्यायची ते विचारून घ्या. चुकून गोड चहा झालाच तर इंजेक्शनच्या आधी तिथे सांगून टाका, तारीख पुढची देतील.