लघवी होते आहे, पण मूत्राशय रिकामं होतंय का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं लघवी तुंबणं आणि किडनी याच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मजकूर आटोपता केला आहे, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचे अण्णा ७२ वर्षांचे. गणपतीच्या आठवडाभर आधी सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. दोन दिवसांनी लघवी पूर्ण बंद झाली, ओटीपोट दगडासारखं झालं. शेजाऱ्यांनी तांब्या-तांब्या पाणी पाजलं, त्याने तडफड वाढली. तालुक्याला नळी घातली तेव्हा १,४०० मिलि लघवी निघाली. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) ४.२, सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना सूज. दुसऱ्या दिवशी पाच लिटर लघवी झाली, तेव्हा आम्ही जास्तच घाबरलो. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनपर्यंत नळी काढायची नाही. गावात जो तो सांगतो की नळीची सवय लागते, काढून टाका. खरं तर अण्णांना आधी काहीच त्रास नव्हता. वर्षभर रात्री अंथरूण ओलं व्हायचं तेवढंच, ते आम्ही वयाचं समजलो. – देवगड

उत्तर : ओलं अंथरूण हाच तो त्रास होता. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलि धरतं. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अरुंद झाली की प्रत्येक वेळी थोडी लघवी आत राहते. आधी शंभर मिलि, मग तीनशे, मग आठशे. हे महिनोन्महिने सावकाश चालतं, मूत्राशय हळूहळू ताणलं जातं, म्हणून दुखत नाही. दिवसा माणूस लघवीला जाऊन येतो, थोडी होतेही, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. रात्री झोपेत मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल पडला की काठोकाठ भरलेल्या हंड्यातून सांडावं तशी ती सांडते. उतारवयातल्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं, तर वयाला दोष देण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी.

किडनीचा संबंध असा. किडनीतून लघवी आणणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे मूत्रवाहिन्या, मूत्राशयाच्या भिंतीतून तिरक्या आत शिरतात. मूत्राशयातला दाब कमी असतो तोवर त्या आपली लघवी सहज आत ढकलतात. हा दाब सतत पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीएवढा किंवा त्याहून जास्त राहिला, की त्यांना ते जमेनासं होतं. लघवी मूत्रवाहिनीत तुंबते, मग किडनीच्या पोकळीत. किडनीची गाळणी दाबाच्या फरकावर चालते. पुढून दाब आला की गाळणं मंदावतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. एका बाजूच्या मूत्रवाहिनीत खडा अडकला तर दुसरी किडनी काम ओढून नेते. इथे मात्र मूत्राशय एकच, त्यामुळे मार दोन्ही किडन्यांना एकदम बसतो.

सर्दीच्या गोळ्यांनी शेवटचा धक्का दिला. त्यांतलं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचं आकुंचन कमजोर करतं आणि फेनिलेफ्रिन प्रोस्टेट व मूत्राशयाचं तोंड आवळून धरतं. पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिनचं इंजेक्शन दिलं जातं, तेही मूत्राशयाला ढिलं पाडतं. म्हणजे तुंबलेल्या लघवीच्या कळेवर ते घेतलं तर लघवी आणखीच अडते. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, साचलेला मळ, दारू, मुंबईहून येताना नऊ-दहा तास गाडीत दाबून धरलेली लघवी, यांतलं काहीही निमित्त पुरतं. आणि पाणी पाजणं म्हणजे तोटी बंद असलेल्या टाकीत मोटार चालू करणं. लघवी अडली असेल तर पाणी पाजू नका. १०८ला फोन करा आणि नळी घालण्याची सोय असेल तिथे न्या.

पाच लिटरचं कोडंही सुटण्यासारखं आहे. अडथळा निघाला की अंगात साठलेलं मीठ, युरिया आणि पाणी बाहेर पडू लागतं. शिवाय दाबाखाली राहिलेल्या किडनीच्या सूक्ष्म नलिका लघवी घट्ट करण्याचं काम काही दिवस विसरतात. बहुतेकांत हा पूर दोनएक दिवसांत ओसरतो. सलग दोन तास ताशी २०० मिलिच्या वर किंवा दिवसाला ३ लिटरच्या वर लघवी झाली, तर माणूस दवाखान्यातच हवा. तिथे आडवं आणि उभं असतानाचा रक्तदाब, वजन, सोडियम, पोटॅशियम पाहतात. गेलेलं सगळं पाणी सलाईनने भरून काढत नाहीत, कारण तसं केलं तर पूर लांबतो. पहिल्या दिवशी लघवी गुलाबी दिसणंही नेहमीचंच, ताणलेल्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं ते रक्त असतं.

आता नळीचं. किडन्या चांगल्या असताना अचानक लघवी अडली, तर टॅम्सुलोसिन (प्रोस्टेट व मूत्राशयाचं तोंड सैल करणारी गोळी) ०.४ मिलिग्रॅम सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. तो हिशोब अण्णांना लागू होत नाही. किडन्या सुजलेल्या असताना नळी काढून पाहणं म्हणजे त्यांना पुन्हा त्याच दाबाखाली ढकलणं. क्रिएटिनिन उतरून एका जागी थांबलं की दुर्बिणीने प्रोस्टेटचं ऑपरेशन करायचं, हा क्रम बरोबर आहे. ‘सवय’ लागत नाही, उलट ताणलेल्या मूत्राशयाला तेवढी विश्रांती मिळते. अशा ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन विचारा.

मनाची तयारी मात्र ठेवा. क्रिएटिनिन भराभर खाली येतं ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत. पुढे ते १.८ किंवा २ वर थांबू शकतं. तसं झालं तर ती किडनीची कायमची झीज समजायची आणि रक्तदाब व क्रिएटिनिन नियमित पाहत राहायचं. काही जणांचं मूत्राशय ऑपरेशननंतरही पुरतं आकुंचन पावत नाही. त्यांना दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी स्वतः घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कायमच्या नळीपेक्षा त्यात जंतुसंसर्ग कमी होतो. आणि एक: अण्णांनी टॅम्सुलोसिन थोडे दिवस जरी घेतलं असलं, तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना ते सांगायचं. या औषधाने बुबुळाचा पडदा लिबलिबीत होतो.

प्रश्न : सासऱ्यांना नळी घालून घरी पाठवलं आहे. लघवी गढूळ दिसते, कधी नळीच्या बाजूने गळते. पिशवी जांभळी झाली, तेव्हा तर आम्ही हादरलोच. काय सांभाळायचं? – मालवण

उत्तर : आधी त्यांचं अंथरूण पाहा. ते जमिनीवर गोधडी टाकून झोपत असतील, तर खाट द्या. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली लोंबती हवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाची पिशवी त्याच पातळीवर आडवी पडते आणि लघवी नळीतच रेंगाळते. खाटेच्या कडेला हूक लावा, पण पिशवी जमिनीला टेकू देऊ नका. ती दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा. खालची तोटी भांड्याला लावू नका, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. नळी मांडीला चिकटपट्टीने अशी बांधा की कूस बदलताना ताण येणार नाही. रोज आंघोळीला साधा साबण आणि पाणी पुरे, डेटॉल नको. पुढची कातडी मागे करून धुतली तर ती लगेच पुढे आणा. मागेच राहिली तर सुजून आवळते आणि दुसरंच संकट उभं राहतं.

नळी घातल्यावर काही दिवसांत लघवीत जंतू येतातच. ताप, थंडी, कमरेत दुखणं, बोलण्या-वागण्यात नवा गोंधळ यांतलं काही नसेल तर केवळ गढूळपणासाठी अँटिबायोटिक घेऊ नये. घेतलं तर औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात, आणि खरी गरज पडते तेव्हा हातात काही राहत नाही. जांभळी पिशवी दिसायला भीतिदायक असते. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांत काही जंतू लघवीतल्या एका द्रव्याचा निळा-तांबडा रंग बनवतात, तो प्लास्टिकला चढतो. पोट साफ होईल असं पाहा, पिशवी बदला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाजूने गळणं म्हणजे बहुधा मूत्राशयाची उबळ, मळाचा दाब किंवा नळी चोंदणं. जाड नळी घालणं हा त्यावरचा इलाज नव्हे. नळी कुठे मुडपली आहे का, मांडीखाली दबली आहे का ते आधी बघा. दोन-तीन तास पिशवीत एक थेंबही नाही आणि ओटीपोट फुगतंय, तर रात्र असली तरी निघा. नळी ओढून काढू नका. आत तिच्या टोकाला साधारण १० मिलि पाण्याचा फुगा असतो, तो न सोडवता ओढली तर मूत्रमार्ग फाटतो.

लेटेक्सची साधी नळी तीन-चार आठवड्यांनी बदलतात, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. कोणती घातली आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पाण्यावर बंधन घातलेलं नसेल, तर लघवी फिकट पिवळी राहील इतपत पाणी द्यावं.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, मासळी विकते. पहाटे निघते ती दुपारपर्यंत बाजारात. तिथलं संडास जाण्यासारखं नाही, म्हणून पाणीच पीत नाही. आठ-आठ तास दाबून ठेवते. किडनी जाईल का? – रत्नागिरी

उत्तर : एवढ्यानेच किडनी जात नाही. निरोगी मूत्राशय भरलं तरी मूत्रवाहिन्यांचं तोंड दाबलं जातं आणि लघवी सहसा मागे चढत नाही. धोका दुसऱ्या वाटेने येतो. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, जळजळ सुरू होते, आपण तिला ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धण्याचं पाणी पिऊन दोन दिवस काढतो. धण्याच्या पाण्याचं काही वाईट नाही. पण जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, एका कुशीत दुखलं किंवा उलट्या झाल्या, तर जंतू किडनीपर्यंत गेले आहेत. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मधुमेह किंवा दिवस गेलेले असतील तर साध्या जळजळीलाही थांबायचं नाही.

पाणी न पिणं मात्र दाबून ठेवण्याइतकंच वाईट. किनाऱ्यावरच्या दमटपणात घाम भरपूर जातो, लघवी घट्ट होते, खडे धरतात. निघण्यापूर्वी लघवी करून निघा, थोडं थोडं पाणी पीत राहा आणि चार तासांच्या आत एकदा जाण्याची वेळ ठरवून टाका. घाण संडासात बायका अर्धवट ओणव्या राहून उरकतात. त्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होत नाहीत आणि लघवी आत उरते. पूर्ण उकिडवं बसा, झाल्यावर पाच-दहा श्वास थांबा, पुन्हा एकदा करा. आणि बाजाराला धड संडास मागणं हा आरोग्याचाच मुद्दा आहे, नगरपरिषदेला चार जणींनी मिळून अर्ज द्या.

प्रश्न : लावणीनंतर भावाला ताप आला, पोटऱ्या ठणकत होत्या. चौथ्या दिवशी लघवी बंद. गावातल्या एकाने ‘लघवी अडली, नळी घाला’ म्हटलं. नळीतून जेमतेम ३० मिलि निघाली. मग अडली होती कुठे? – राजापूर

उत्तर : अडली नव्हती, बनतच नव्हती. ‘लघवी होत नाही’ या एका वाक्याचे दोन अर्थ असतात. अडलेल्या माणसाला जोराची लागलेली असते, बेंबीखाली फुगवटा हाताला लागतो, तो दाबला की जीव कासावीस होतो. ज्याच्या किडन्याच थांबल्या त्याला लागतच नाही आणि ओटीपोट मऊ असतं. भातखाचरातल्या पाण्यात वावर, ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे, पिवळेपणा असं चित्र असलं तर कोकणात पहिली शंका लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) घ्यायची. उंदरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर सुरू झालं तर बरं. काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं, पण वाचलेल्यांच्या किडन्या बहुधा पुन्हा चालू लागतात. ताप असताना अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई मात्र घेऊ नये. आधीच अडचणीत असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा ती आणखी कमी करते. तापाला पॅरासिटामॉल पुरेसं.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘लघवी केल्यानंतर १८० मिलि शिल्लक’ असं आलं. रोज शहाळं आणि कुळथाचं कढण घेतलं तर फरक पडेल का? वय ६३. – वेंगुर्ले

उत्तर : आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. सोनोग्राफीला बाटलीभर पाणी पाजून तासभर ताटकळत ठेवतात. तुडुंब भरलेलं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, तेव्हा शिल्लक फुगवून दिसते. नेहमीसारखी लागल्यावर जा, करून या आणि लगेच पुन्हा मोजून घ्या. ५० मिलिच्या आत उत्तम, तुमच्या वयाला शंभरापर्यंत चालतं. पुन्हाही दोनशेच्या आसपास आली तर युरॉलॉजिस्टकडे धारेचा वेग मोजून घ्या. त्या तपासणीला निदान १५० मिलि लघवी व्हावी लागते. सेकंदाला १० मिलिपेक्षा कमी धार म्हणजे अडथळ्याची शक्यता जास्त. सोबत क्रिएटिनिन आणि रक्तातली साखर तपासा, कारण जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाच बधिर होतात आणि भरल्याचं कळत नाही. तीन दिवस मापाच्या मगात प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहून न्या, डॉक्टरांचं अर्धं काम होईल.

कुळथाचं कढण जेवणात खुशाल घ्या, पण त्याने प्रोस्टेट आकसत नाही. शहाळं मात्र तुमचं क्रिएटिनिन कळेपर्यंत थांबवा. एका पेल्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी धड असेल तर ते निघून जातं. नसेल तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.