मॉडिफाय बुलेटच्या प्रायमरी चेनला पट्टी ठेवू, रोलर करू का ऑटोमॅटिक टेन्शनर बसवू?

भावा, तुझी कास्ट आयर्न (जुन्या इंजिनाची, बिडाच्या सिलिंडरची) ३५० बुलेट, पिस्टन हाय कॉम्प्रेशनचा, कार्बोरेटर मोठा, इंजिन स्प्रॉकेटचे दात वाढवलेले, आणि मेकॅनिक म्हणतोय प्रायमरी चेन (इंजिनाकडनं क्लचला ताकद नेणारी) ताणून धरणारी मूळची टेन्शनरची पट्टी काढून बेअरिंगचा रोलर कर. तुझा मेकॅनिक कोण मला माहीत नाही पण कधीतरी माझ्या दाजींच्या हाताखाली कामाला होता की काय असं वाटायला लागलंय.

पट्टीच ठेव. विषय संपला. पण का ते सांगतो, कारण ह्यात माझं एक कव्हर, एक चेन, एक स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) आणि एक अख्खी दिवाळी गेलीय.

गाडी आण्णांची. आण्णांनी ती आयुष्यभर पन्नाशीच्या वर पळवली नाही, शनिवारी जोतिबा आणि बाकी दिवस शेत. माझ्या हातात आल्यावर मी तिला सुखानं बसू देतोय होय. पिस्टन बदलला, हेड घासून घेतलं, पॉइंटचं टायमिंग जरा पुढं घेतलं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडंल असं केलं. मग इंजिन सुरू झालं की डाव्या बाजूनं खडखड यायला लागली. रेस केली की बंद, सोडली की परत. कव्हर काढून बघितलं तर चेन ढिली आणि पट्टीवरचं रबर निघालेलं, त्याचे तुकडे क्लचच्या प्लेटांपर्यंत गेलेले. बाजारातली डुप्लिकेट पट्टी होती ती, मीच घातलेली.

आता दाजींचं (आक्काचे मालक) कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. उद्यमनगरातल्या माणसाला तयार वस्तू विकत आणायची म्हटलं की कमीपणा वाटतो. आमच्या गावाची ही जुनी खोड आहे, ऑईल इंजिनं हितं बनायची तेव्हापासनंची. मी नुसतं "चांगली पट्टी कुठं मिळंल" असं विचारलं तर दाजी म्हणाले, पट्टी म्हणजे घासणं, घासणं म्हणजे ताकद वाया, आपण फिरतं काहीतरी करूया. चहा येईपर्यंत खडूनं फरशीवर ड्रॉइंग तयार. ६२०० नंबरची दोन बेअरिंग शेजारी शेजारी, मधून एक स्टड, स्टड खालच्या ब्रॅकेटला, ब्रॅकेटला अॅडजस्ट करायला लांब भोक. दिसायला नाद खुळा. मी स्वतः त्याचा फोटो काढून चार ग्रुपवर टाकला, ते आता कबूल करायला लागतंय.

दोन आठवडे गाडी गप्प. खरंच आवाज गेला. दाजी येईल त्याला सांगायचे, मेव्हण्याच्या गाडीला बघा काय बसवलंय.

मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मालवणला निघालो, मी पुढं, दाजी मागं. सकाळी गार इंजिन, किक मारली तर उलटी आली, घोट्यावर असली बसली की डोळ्यासमोर चांदण्या. (हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.) कळ्यापर्यंत ऊसाच्या ट्रॉल्यांमागनं रांगत, गगनबावड्याला चहा, आणि करूळ घाट उतरायला लागलो. तिसरा गिअर, थ्रॉटल बंद, इंजिनावर गाडी धरून. चार-पाच वळणं झाली असतील, खालनं टणटण सुरू झालं, दाजी मागनं ओरडले "थांबव", आणि मी ब्रेकला हात घालेपर्यंत खाड् करून मागचं चाक धरलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. दोन माणसं आणि एक बुलेट, खाली दरी, लिहिताना सुद्धा पोटात गोळा येतोय. कव्हरला चीर, ऑईल सगळं रस्त्यावर, बेअरिंगचा जाळीचा पिंजरा फुटून एक गोळी चेन आणि स्प्रॉकेटच्या मधी गेलेली. चेननं तुटताना स्टेटरची वायर पण कापून ठेवली, चेन डुप्लेक्स म्हणजे दुपदरी, तरी दोन्ही पदर तुटले. वैभववाडीकडनं रिकामा वर येणारा टेम्पो मिळाला म्हणून रात्री घरी पोचलो. टेम्पोत दाजी कळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. कळ्याला म्हणाले, "बेअरिंगचा काही दोष नाही."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आता टेक्निकल सांगतो. बुलेटचं इंजिन डावीकडनं बघ. पुढं इंजिन स्प्रॉकेट, मागं क्लच. इंजिन ओढतंय तोवर वरची चेन ताठ आणि खालची ढिली, म्हणून टेन्शनर खाली. पण थ्रॉटल सोडून उतारावर निघालास की उलटं होतं, मागचं चाक इंजिनाला ओढतं, खालची चेन ताठ होते आणि ताठ झालेली चेन सरळ व्हायला बघते, मधी टेन्शनर आडवा. पट्टी लांबलचक असते, भार पसरतो, वर ऑईल असतं, ती चेनला सरकू देते. रोलर म्हणजे सगळा भार एका रेघेवर आणि तो सुद्धा एका बाजूनंच धरलेल्या स्टडवर. किक उलटी आली की सुद्धा खालचीच चेन खेचली जाते, फक्त झटक्यात.

आणि "फिरतंय म्हणजे भारी" म्हणणाऱ्यांनी जरा गणित करावं. चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, ९.५२५ मिमी. इंजिन स्प्रॉकेट २५ दातांचं धरलं तर एका फेऱ्यात २३८ मिमी चेन पुढं जाते. ४००० आरपीएमला मिनिटाला ९५२ मीटर. ६२०० चा बाहेरचा व्यास ३० मिमी, म्हणजे परीघ ९४ मिमी. भागाकार कर. रोलर मिनिटाला १० हजारांच्या वर फिरतोय, आणि तू दात वाढवलेत म्हणजे तुझा त्याहून जास्त. बेअरिंग नुसतं फिरायला एवढ्याला घाबरत नाही हे मलाही माहीत आहे, पण हितं त्याच्या बाहेरच्या रिंगवर चेनच्या कडा थडाथडा आपटत असतात आणि एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच फायर करतं, त्यामुळं चेन कधी एकसारखी ओढलेली नसतेच. ह्यापुढं पट्टी खाते ती ताकद किती? माझ्या आत्ताच्या पट्टीवर दोन वर्षांत दोन चरे पडलेत. तेवढीच.

ऑटोमॅटिकचं थोडक्यात. यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनाच्या गाड्यांना, म्हणजे २००९ च्या क्लासिकला वगैरे, तो कंपनीचा आहे आणि त्या इंजिनाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बरोबर आहे. तो उचलून तुझ्या जुन्या बुलेटच्या केसमध्ये घालायला जागा कोरायला लागतील आणि मग तू मालक न राहता संशोधक होशील. तत्त्व सांगतो. नुसत्या स्प्रिंगवरचा असला तर इंजिन ब्रेकिंगला चेन त्याला ढकलून देते, आणि मागं न येणारा दातेरी असला तर चेन गार आणि ढिली असताना तो पुढं सरकतो, आणि तापल्यावर परत येत नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या ट्विनना (दोन सिलिंडरच्या गाड्यांना) २००७ पासून असला दातेरीच आला, आणि चेन जास्तच आवळतोय म्हणून काढून हातानं अॅडजस्ट करायचा घालणारे लोक तिकडं सुद्धा आहेत. बाकी ३५० मध्ये कंपनीनं २०२० च्या मीटिऑरपासून प्रायमरी चेनच काढून गिअर घातले, त्यांनी भांडणच मिटवलं.

पट्टी घेताना रबर किंवा नायलॉन नखानं उचकटून बघ, कडेनं सुटायला लागलं की परत दे. चेन टाइट किती ठेवायची ह्यावर पण दाजी आणि माझं जमत नाही. गार इंजिनाला वरच्या चेनच्या मध्यावर पाव इंच, म्हणजे ६ मिमी खेळ, आणि तो इंजिन हळूहळू फिरवून सगळ्यात टाइट जागा सापडेल तिथं मोजायचा, कारण चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. दाजी म्हणतात हाताला चांगली लागली पाहिजे. हाताला चांगली लागते ती चेन तापल्यावर तार होते, केस अॅल्युमिनियमची, चेन पोलादाची, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. मग कूं कूं आवाज यायला लागतो, आणि मेन बेअरिंग जातं तेव्हा लोक पिस्टनला शिव्या घालतात. आणि हो, दात वाढवलेत तर जुनीच चेन बसवून पट्टी खाली ओढून जुळवू नको, लिंक मोजून योग्य चेन घे. चेनला जॉइंट नसतो, क्लच आणि इंजिन स्प्रॉकेट एकत्रच बाहेर काढायला लागतात हे तुझ्या मेकॅनिकला माहीत असेलच. नसेल तर मेकॅनिक पण बदल.

आता काही गोष्टी दाजींच्या बाजूनं, नाहीतर आक्का वाचंल आणि फोन करंल. एक, तो स्टड ईएन-८ (साधारण बऱ्यापैकी पोलाद) चा पण नव्हता, साध्या रॉडचा होता, आणि तो रॉड मीच भंगारातनं आणून दिलेला, "कशाला नवीन कापताय" म्हणून. दोन, रोलरवरचे घासलेले डाग एकाच कडेला होते, म्हणजे तो फुटायच्या आधी वाकडा होऊन फिरत होता. दाजी म्हणतात सकाळी किक उलटी आली तेव्हाच स्टड आट्यांपाशी वाकला, बेअरिंग बिचारं नंतर मेलं. आणि किक उलटी का आली तर टायमिंग मी पुढं घेतलेलं. तुझं कॉम्प्रेशन वाढलंय, म्हणून टेन्शनरच्या आधी टायमिंग बघून घे. हे खरं तर वरच लिहायला पाहिजे होतं.

पण म्हणून रोलर बरोबर ठरत नाही ना. किक कधीतरी उलटी येणारच, बुलेट आहे ती. पट्टीला त्यानं काही झालं नसतं.

वाकलेला स्टड दाजींनी वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. गेल्या भाऊबीजेला जेवताना म्हणाले, ईएन-२४ (त्याहून कडक पोलाद) चा केला असता आणि दोन्हीकडनं आधार दिला असता तर अजून चालत असता, आणायची का गाडी परत? मी ताटातलं वर बघितलं नाही.