गुणसूत्रं बघायचीत? मग कांद्याचं मूळ घ्या

सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यात गुणसूत्रं (आनुवंशिक माहिती वाहणारे धागे) दिसली नाहीत म्हणून हिरमुसू नका. ती तिथेही आहेत, पेशीच्या केंद्रकातच. पण पेशी विभागत नसेल तेव्हा ती सैल धाग्यांसारखी पसरलेली असतात आणि आपल्याला नुसता गोल ठिपका दिसतो. विभाजनाच्या वेळी ती आखडून जाड होतात, तेव्हाच सुटी ओळखू येतात. म्हणून वाढतं मूळ हवं.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- कांद्याचं फक्त बूड पाण्याला टेकवा. काही दिवसांत पांढरी मुळं फुटतील.
- टोकाचे 2 मिलिमीटरच घ्या. नवखे हमखास इथे चुकतात, सेंटीमीटरभर मूळ कापतात. वरच्या भागात विभाजन जवळपास नसतंच.
- आम्लात मऊ करणं आणि ॲसिटोकार्मिन या रंगाने रंगवणं सरांसमोरच करा. मग तुकडा दोन काचांमध्ये ठेवून वरची काच अंगठ्याने सरळ दाबा. ती सरकली की पेशी चुरगळल्याच.

कांद्याची गुणसूत्रं 16. पहिल्याच दिवशी सगळी मोजता येणार नाहीत, एकमेकांवर चढलेली असतात. माणसाची 46 आहेत हेसुद्धा 1956 मध्ये नक्की झालं, त्याआधी अनेक वर्षं 48 मानत!

आणि वहीत 'प्रत्येक पेशीत 46' असं लिहू नका. शुक्रपेशीत आणि अंडपेशीत 23 असतात, रक्तातल्या पक्व तांबड्या पेशीत तर केंद्रकच नसतं.

मुळं फुटली की कळवा, रंगाचं तेव्हा सविस्तर बोलू.