फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रम मिडीवर रेकॉर्ड करायला काय काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक किट घेतला, हेडफोन जॅकमधून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं तर आवाज खेळण्यातला वाटतो, आणि मिडीसाठी नवीन काय घ्यावं लागेल. बहुतेक फक्त एक केबल.

मॉड्यूलच्या, म्हणजे पॅडच्या वायरी जिथे जोडतात त्या डब्याच्या, मागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबीचं तोंड आहे का बघा. असेल तर नागपुरात सीताबर्डीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात प्रिंटरची केबल मागा, झालं. फक्त पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर यूएसबी-मिडी अडॅप्टर लागेल. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून पाहता येतं, त्यात जोडायचं ड्रमच्या आवाजांचं एमटी पॉवर ड्रमकिट हे प्लगइनही फुकट आहे. आवाजांच्या महागड्या लायब्रऱ्या मागाहून.

मिडीत आवाज नसतोच. कोणत्या पॅडवर, कधी आणि किती जोरात मारलं एवढीच नोंद जाते. सहसा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) म्हणजे नोट नंबर ३६, स्नेअर ३८, जोर १ ते १२७. आवाज सॅम्पलर देतो, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणारं लॅपटॉपवरचं प्लगइन. आपल्याकडे याची खरी किंमत मे महिन्यात कळते. ४५ डिग्रीत कूलर बंद करून ड्रम कोण वाजवेल बापा? माझा कूलर हातभर अंतरावर घरघरत असतो, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा मागमूस नसतो.

माझं पहिलं गाणं मात्र मी थेट ऑडिओतच घेतलं होतं. चार मिनिटं जीव लावून वाजवलं, ऐकतो तर मधूनमधून किकच्या मागे एक बारीकशी दुसरी किक. पेडलचा हातोडा, म्हणजे बीटर, पॅडवर दाबून धरायची माझी सवय नडली. सगळं पुन्हा वाजवलं. पुढे मिडीत तीच चूक झाली तेव्हा एडिटर उघडला. खरी किक १०४ ची, तिला चिकटून एक १९ ची. २५ च्या खालच्या सगळ्या किका निवडल्या, उडवल्या. कपातला चहा अजून गरम होता. मग मॉड्यूलमधलं रीट्रिगर कॅन्सलचं, म्हणजे एका ठोक्याचे दोन होऊ न देणारं, सेटिंग वाढवलं, ते खरं तर आधीच करायला हवं होतं.

तुम्ही आजच एक करा. स्नेअरवर अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत वीसेक ठोके मारा आणि आकडे वाचा. मध्यम ठोक्यालाच १२७ येत असेल तर पॅडची सेन्सिटिव्हिटी कमी करा. चांगल्या सॅम्पलरमध्ये एकाच स्नेअरचे हळू, मध्यम, जोरदार असे वेगवेगळे ठोके भरलेले असतात. किट प्रत्येक ठोक्याला १२७ च पाठवत राहिला तर त्यातला एकच थर वाजतो आणि सगळं टाइपरायटरसारखं ऐकू येतं. लोक यावर दुसरी लायब्ररी विकत घेतात.

हायहॅट (पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी) अर्धा उघडा ठेवला तरी बंदच वाजतो, ही तक्रार तुमचीही होईल. पेडलची स्थिती नोटमधून नाही, कंट्रोलर ४ नावाच्या वेगळ्या मिडी संदेशातून जाते. प्लगइनमध्ये तुमच्या मॉड्यूलचा मॅप (कोणत्या नोटला कोणता आवाज, ती यादी) निवडा, नसेल तर हाताने जुळवा. अर्धा तास डोकं खाईल, पण एकदाच.

काठी पडल्यावर आवाज उशिरा आला तर विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायच्या सॅम्पलची संख्या, १२८ वर आणा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ते साधारण ३ मिलिसेकंद होतात; ५१२ ला जवळपास १२, आणि ते हाताला जाणवतं. ब्लूटूथ हेडफोन चालणारच नाही, वायरचाच घ्या. मॉड्यूलचा स्वतःचा आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

आता फ्लॅटचं. पॅडचा त्रास खालच्यांना फारसा होत नाही, किकच्या पेडलचा होतो. आमच्या खालच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "काहून जी, मिरची कांडून राहिले का?" जाड सतरंजीने काही फरक पडला नाही. शेवटी प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे बॉल बसवले आणि अख्खा किट त्यावर ठेवला. फळीला भोकं पाडाल ती बॉलपेक्षा लहान पाडा, म्हणजे बॉल त्यात अडकून राहतो, आरपार जात नाही.